‘जाऊ द्या’

गेल्या पावसाळ्यात एका कामानिमित्त पुण्यास चार दिवस राहण्याचा प्रसंग आला. ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो त्यांचे घर प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत आहे. तिसऱ्या रात्री पाऊस लागून राहिल्यामुळे बाहेर जाणे झाले नाही, तेव्हा त्यांच्या नातवाने घरातच एक जुना हिंदी चित्रपट लावला. लहानथोर सर्व मंडळी पोट धरधरून हसली. मीही हसत होतो; परंतु एका ठिकाणी माझे हसू आपोआप थांबले, आणि ते त्या मुलाच्या नजरेतून सुटले नाही. सकाळी चहाच्या वेळी त्याने विचारले, “आजोबा, मढ्याला साडी नेसवतात तिथे सगळे हसले, तुम्हीच एकदम गप्प का झालात?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्या माणसांस चित्रपटांविषयी फारसा आदर नाही, हे मी जाणून आहे. तथापि हा चित्रपट करमणुकीपुरता नाही, आणि त्याचा पुण्याशी संबंधही आहे. ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून त्या रस्त्यास नाव मिळाले ती 1929 साली कोल्हापुरात निघाली व 1933 साली पुण्यास आली. संत तुकारामांचा प्रसिद्ध बोलपट तिने 1936 साली काढला. कंपनी बंद पडल्यावर तिच्याच आवारात सरकारने 1960 साली चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था उघडली. कुंदन शहा नावाचे गृहस्थ तेथेच शिकले, आणि त्यांनी 1983 साली ‘जाने भी दो यारो’ हा आपला पहिला मोठा चित्रपट सरकारी महामंडळाच्या पैशाने, सुमारे सात लाख रुपयांत केला. त्यातील नसीरुद्दीन शाह, ओम पुरी व सतीश शाह हे नटही त्याच संस्थेतून निघालेले. पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार कुंदन शहांस मिळाला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्याकरिता कथा थोडक्यात सांगतो. विनोद व सुधीर नावाचे दोन गरीब तरुण मुंबईत छायाचित्रांचे दुकान काढतात. दुकान चालत नाही. एका पत्राची संपादिका त्यांस काम देते, ते असे की, तरनेजा नावाचा बांधकामाचा कंत्राटदार आणि महानगरपालिकेचा कमिशनर डिमेलो यांच्या संगनमताची छायाचित्रे चोरून घ्यावीत. त्या कामात असता एका बागेत सहज घेतलेले एक छायाचित्र ते मोठे करून पाहतात, तो मागच्या झाडीत पिस्तूल धरलेला माणूस दिसतो. डिमेलोचाच खून झालेला असतो. पुढे ते प्रेत त्यांच्या हाती लागते, हरवते, पुन्हा सापडते. प्रेताची शवपेटी म्हणजे बिघडलेली मोटार आहे असे समजून एक मद्यपी कंत्राटदार तिच्याशी बोलत बसतो. शेवटी महाभारताच्या नाटकाचा प्रयोग चालू असता त्या प्रेतास द्रौपदी बनवून रंगभूमीवर उभे करतात, आणि ते आपल्याकडे ओढण्यासाठी जो तो धडपडतो. इकडे डिमेलोच्याच नावाने बांधलेला पूल कोसळतो. हे दोघे पुरावा घेऊन सत्य सांगू पाहतात; परंतु तोपर्यंत कंत्राटदार, त्याचा प्रतिस्पर्धी, नवा अधिकारी आणि ती संपादिकासुद्धा आपापसांत तडजोड करून मोकळी झालेली असतात. पूल पडल्याचा दोष या दोन पोरांच्याच माथी मारला जातो. अखेरीस ते कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्याने चालताना दिसतात, आणि आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवितात. तेथे कोणी हसत नाही.

चित्रपटात ‘हम होंगे कामयाब’ हे गीत वरचेवर येते. अमेरिकेतील कृष्णवर्णी ख्रिस्ती लोकांच्या उपासनागीतांतून ज्याचा उगम झाला त्या गीताचे हे हिंदी रूप आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. भोळेपणाने ते गाणाऱ्या दोघांचे शेवटी जे होते ते पाहून मनास चटका बसतो.

त्या काळी हे कथानक कोणास अतिशयोक्तीचे वाटण्याजोगे नव्हते. सिमेंट परवान्यावर मिळे, आणि सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांस 1982 च्या जानेवारीत पद सोडावे लागले होते. प्रेक्षक हसले ते ओळखून हसले.

आता माझा प्रश्न त्या नावाविषयी आहे. ‘जाने भी दो यारो’ याचे मराठी म्हणजे आपले रोजचे ‘जाऊ द्या हो’. हा उद्गार आपण दिवसातून किती वेळा काढतो, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भावाभावांत बांधावरून भांडण झाले असता ‘जाऊ द्या’ म्हणणारा मनुष्य शहाणा होय, व त्यास आपण मानही देतो. आपला अपराध करणाऱ्यास क्षमा करावी असे आपणांस लहानपणापासून शिकविलेले आहे. परंतु दुसऱ्याचा अपराध झाला असता, म्हणजे हानी शेजाऱ्याची झाली असता, त्याच्या वतीने ‘जाऊ द्या’ म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझ्या खिशातील रुपया मी सोडून देऊ शकतो; विधवेच्या पदराची गाठ सोडून मी उदार होऊ शकत नाही. शब्द एकच आहे. एका ठिकाणी तो क्षमेचा आहे व दुसऱ्या ठिकाणी भित्रेपणाचा, आणि बोलणाऱ्यास पुष्कळदा आपण कोणता बोललो हे कळत नाही, किंवा कळू नये अशीच त्याची इच्छा असते.

धन्याच्या घरातील गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसास वर्तमानपत्रांनी अलीकडे ‘जागल्या’ हे नाव दिले आहे. नाव जुने आहे व आपल्या गावांतलेच आहे. रात्री गस्त घालणारा, चोराची चाहूल लागताच हाळी देणारा गावचा जागल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला होता. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांकडे ते कामच होते. गाव झोपे तेव्हा त्याने जागावे आणि गाव जेवल्यावर त्याने भाकर मागून आणावी, असा तो न्याय होता. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली व ते काम संपले, आणि संपले ते बरेच झाले. परंतु त्या जागल्यास हाळी का दिलीस असे कोणी विचारीत नसे; न दिली तर मात्र जाब द्यावा लागे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील पहारेकऱ्याची गोष्टही अशीच आहे, ती उपदेशकांस नव्याने सांगावयास नको. आजच्या जागल्याची गोष्ट उलटी झाली आहे. त्याने हाळी दिली की पहिला प्रश्न येतो, तुला कोणी नेमले?

दुसरा प्रश्न येतो तो मिठाचा. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मिठास जागावे, ही आपल्या लोकांची जुनी नीती आहे, आणि ती हलकी नाही. कंपनीचा पगार घ्यावयाचा व तिचीच वाच्यता करावयाची, यास आपण नमकहरामी म्हणतो. या आक्षेपास उत्तर देणे मला पुष्कळ वर्षे जमले नाही. आता मला असे वाटते की, मिठास जागण्यापूर्वी मीठ कोणाचे आहे हे पाहिले पाहिजे. पूल बांधणाऱ्या खात्यातील कारकुनाचे मीठ साहेबाच्या घरचे नसते. पुलावरून ज्याची बैलगाडी जाणार त्याच्या करातून ते आलेले असते. कारखान्याचा पगार सभासदाच्या उसातून येतो. धनी म्हणून जो खुर्चीवर बसलेला असतो तो बहुधा आपल्यासारखाच दुसऱ्याचे मीठ खाणारा असतो, फक्त त्याची वाटी मोठी असते.

याहून अवघड गोष्ट साक्षीदाराच्या शुद्धतेची आहे. सत्य सांगणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत अशी आपली अपेक्षा असते, आणि अपराध्यास याहून सोयीची अपेक्षा दुसरी नाही. 1975 च्या सुमारास आलेला ‘सामना’ हा मराठी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. विजय तेंडुलकरांनी तो लिहिला व डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला. गावात सहकाराच्या जोरावर सत्ता गाजविणारा हिंदूराव धोंडे पाटील आहे. त्याच्या दारी एक दारुडा मास्तर येऊन पडतो, त्याचेच अन्न खातो, आणि मारुती कांबळे या माणसाचे काय झाले हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहतो. गावातील शुद्ध माणसांनी तो विचारला नव्हता. मास्तर पिणारा आहे म्हणून मारुती कांबळे जिवंत होत नाही.

अमेरिकेतील एक खरी हकीकत याहूनही विचित्र आहे. इलिनॉय प्रांतात डिकेटर येथे आर्चर डॅनियल्स मिडलँड नावाची धान्यप्रक्रियेची मोठी कंपनी आहे. कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात घालण्याच्या लायसीन नावाच्या द्रव्याचा भाव तिने परदेशी कंपन्यांशी गुप्त करार करून वाढविला. तिच्याच एका शाखेचा प्रमुख मार्क व्हिटॅकर याने 1992 पासून सुमारे तीन वर्षे कपड्यांत यंत्र लपवून त्या बैठकांतील बोलणी सरकारी तपासखात्यास पुरविली. 1996 साली कंपनीने अपराध कबूल करून 10 कोटी डॉलर दंड भरला. परंतु त्याच काळात हा गृहस्थ स्वतः कंपनीचे सुमारे 90 लाख डॉलर गिळत होता! तो कंपनीच्या वरिष्ठांहून अधिक वर्षे तुरुंगात राहिला. 2009 साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी या हकीकतीवर एक उपहासात्मक चित्रपट काढला. त्यातील हसू त्या माणसाच्या स्वतःविषयीच्या भ्रमाचे आहे: आपण एकटेच सज्जन असून बाकी सर्व चोर, असे त्यास मनापासून वाटते.

तर त्याची साक्ष फेकून द्यावी काय? फेकून दिली असती तर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी जादा भाव मोजला असता, आणि व्हिटॅकर साहेबांची चोरीही झाकलीच राहिली असती. चोराने ‘आग लागली’ म्हणून ओरडावे आणि आपण त्याचे चारित्र्य तपासीत बसावे, असे आपण आपल्या गवताच्या गंजीविषयी कधी करणार नाही. आग विझवावी, आणि चोरास चोरीचा जाब वेगळा विचारावा. त्या न्यायालयांनी तेच केले.

येथे चहाडी आणि साक्ष यांतील भेद विचारला जाईल. माझा जुना समज असा होता की, चहाडी कानात सांगतात व साक्ष चारचौघांत देतात. जो नाव लपवितो तो चहाडखोर. सत्येंद्र दुबे यांची हकीकत वाचल्यापासून हा समज मी टाकून दिला आहे. हे तरुण अभियंते राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होते. कामातील लबाडीविषयी त्यांनी 2002 साली थेट पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया शहरात त्यांस गोळी घालून मारण्यात आले. नाव लपविणे हा भित्रेपणा आहे असे म्हणणारा मनुष्य बहुधा सुरक्षित घरात बसून म्हणत असतो.

आणि दूर बिहारात जाण्याचेही कारण नाही. पुण्याहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर तळेगाव दाभाडे आहे. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाल्यावर तेथील सतीश शेट्टी यांनी सरकारी दप्तरातील कागद मागविण्यास आरंभ केला, आणि द्रुतगती महामार्गाच्या आसपासच्या जमिनींचे व्यवहार उजेडात आणले. त्यांस धमक्या येत, व त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांस भर रस्त्यात हत्यारांनी मारण्यात आले. त्यांच्यापाशी पिस्तूल नव्हते व पदही नव्हते, अर्ज होते. 2014 साली संसदेने अशा लोकांच्या रक्षणाचा कायदा संमत केला, पण पुढे कित्येक वर्षे तो अमलात आणण्याची तारीखच निघाली नाही. कुंदन शहांस हे कथानक सुचले असते तर ते त्यांनी चित्रपटात घातले असते!

कुंदन शहांचीही एक गोष्ट येथेच सांगतो. 2015 साली त्यांच्या त्या पुण्याच्या संस्थेच्या अध्यक्षपदी झालेल्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी 139 दिवस संप केला. नेमलेले गृहस्थ दूरदर्शनच्या महाभारतात युधिष्ठिराचे काम केलेले नट होते, हा योगायोग पाहून ज्यांनी तो चित्रपट पाहिला होता त्यांस हसावे की रडावे हे कळेना. संपाची बाजू बरोबर होती की नव्हती याचा निर्णय मी येथे करीत नाही. परंतु 68 वर्षांच्या शहांनी त्या विद्यार्थ्यांस पाठिंबा म्हणून आपला तो पुरस्कार सरकारास परत केला. ‘जाऊ द्या’ या शब्दाची थट्टा करून प्रसिद्ध झालेल्या माणसास म्हातारपणी तो शब्द तोंडातून काढता आला नाही. 2017 च्या ऑक्टोबरात ते वारले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील सोसायटीत कारकून होतो. गावाचे व सोसायटीचे नाव देत नाही. एके वर्षी मार्चअखेरची बाकी काढताना कर्जखतावणीत मला एक नाव दिसले. तो मनुष्य दोन वर्षांमागे वारला होता. त्याच्या मातीस मी स्वतः गेलो होतो. त्याच्या नावे त्याच साली पीककर्ज उचललेले होते, व कर्जरोख्यावर अंगठा होता. मी मागची पाने चाळली तेव्हा अशी बारा नावे निघाली. मी खतावणी चेअरमनांपुढे नेली. ते रागावले नाहीत. खतावणीवरून नजर फिरवून ते म्हणाले, “जिवंत माणसापेक्षा मेलेल्याची पत चांगली. तो कधी कचेरीत येऊन तक्रार करीत नाही.” बसलेली सर्व मंडळी खो खो हसली. विनोद चांगला होता, हे आजही नाकारता येत नाही. मीही हसलो. मग ते म्हणाले, “जाऊ द्या भाऊसाहेब, पुढच्या हंगामात भरून टाकू,” आणि मी खतावणी मिटली.

हसणे हीच माझी सही होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. मी जर घाबरून गप्प बसलो असतो तर निदान मनात टोचणी राहिली असती. हसल्यामुळे टोचणीही राहिली नाही. उपहासाचे दोन प्रकार आहेत असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. एक, पीडिताच्या जागेवरून केलेला, जो शेवटी घशात अडकतो. दुसरा, खुर्चीवरून केलेला, जो सर्वांस सामील करून घेतो. त्या रात्री पुण्यास रंगभूमीवरील ते साडी नेसविलेले प्रेत पाहताना लोक हसत होते, आणि मला त्या साडीखाली बारा अंगठे दिसत होते.

पुढे चार-पाच वर्षांनी एक बाई माझ्या दारी आली. त्या बारांपैकी एकाची ती विधवा. तिच्या हातात थकबाकीची नोटीस होती. “भाऊ, एवढं वाचून दावा. कशाचा कागद हाय?” मी तो वाचला. तिच्या दीड एकर रानावर जप्ती येणार होती. तिच्या धन्याने न घेतलेल्या कर्जाची ती नोटीस होती, आणि हे साऱ्या गावात मला व आणखी चारपाच हसणाऱ्यांस ठाऊक होते. मी तिला म्हणालो, “मावशी, काहीतरी चूक झालेली दिसते. मी बघतो.” त्या रात्री मी चेअरमनांच्या घरी गेलो. मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. मी धमकी दिली नाही, विनवणी केली. त्यांनी ते एक नाव निल करून दिले. उरलेल्या अकरा नावांविषयी त्यांनी काही म्हटले नाही व मीही काही विचारले नाही. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि लोकांस सांगितले की प्रकृती बरी नसते.

ती बाई अजून हयात आहे. दर वर्षी भुईमूग निघाला की पायलीभर शेंगा माझ्या घरी पाठविते. “भाऊ होते म्हणून माझं रान वाचलं,” असे ती आल्यागेल्यास सांगते, आणि मी मान खाली घालून ऐकतो. लोक ती विनयाची खूण समजतात.

हा अंक पुण्यास त्या मुलाच्या हाती जाईल व त्यास त्याचे उत्तर मिळेल. मावशीस वाचता येत नाही. नोटीस मी वाचून दाखविली होती, तेव्हा हे लिहिलेलेही मीच वाचून दाखविले पाहिजे. येत्या बुधवारी तिच्या वस्तीवर जाण्याचे ठरविले आहे. बाजाराचा दिवस नसल्यामुळे ती घरी सापडेल.